‘स्केपगोट’ शब्दाचे जनक : विल्यम टिंडेल

गेल्या सत्रांत इंग्रजीच्या तासाला वाचन चाललें असतां एका उताऱ्यांत ‘स्केपगोट’ हा शब्द आला. ‘गोट’ म्हणजे बकरा हें सर्वांस ठाऊक होतें. ‘स्केप’ हें ‘एस्केप’ या क्रियापदाचें जुनें, आखूड रूप असून त्याचा अर्थ निसटणें, सुटून जाणें असा आहे, हें आम्ही सांगितलें. एका विद्यार्थ्यानें कोश उघडून ‘बळीचा बकरा’ असा अर्थ वाचून दाखविला. तेव्हां मागच्या बांकावरून दुसऱ्यानें विचारलें कीं, बळी दिलेला बकरा तर मरतो, मग त्याला निसटलेला कां म्हणावें? प्रश्न मार्मिक होता. पण इतक्यांत घंटा झाली व उत्तर अर्धवट राहिलें. तें आज पुरें करावें, आणि ज्या थोर पुरुषानें हा शब्द घडविला त्याच्या चरित्राचीही ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

विल्यम टिंडेल यांचा जन्म इंग्लंडच्या पश्चिमेकडील ग्लॉस्टरशायर परगण्यांत इ. स. 1494 च्या सुमारास झाला. हा मुलूख शेतकऱ्यांचा, मेंढपाळांचा आणि लोकरीच्या कापडाच्या व्यापाऱ्यांचा. अशा लोकांची रांगडी पण ठसकेदार बोली टिंडेल यांच्या कानांवर लहानपणापासून पडली, आणि पुढें त्यांच्या लेखणींतून तीच पाझरली. ऑक्सफर्ड येथें विद्याभ्यास करून ते 1512 सालीं बी. ए. व 1515 सालीं एम. ए. झाले. त्या काळीं विद्यापीठांतील सारा व्यवहार लॅटिन भाषेंत चाले. इंग्रजी ही बाजारांतली व स्वयंपाकघरांतली भाषा. तिच्यांत गंभीर विषय मांडतां येतील असें फारच थोड्या विद्वानांस वाटे. आज सर्व जगावर पसरलेल्या त्या भाषेची तेव्हां तिच्या घरींच अशी उपेक्षा होती, हें आपल्या मुलांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

बायबल तर लॅटिनमध्येंच बंदिस्त होतें. विक्लिफ व त्यांचे अनुयायी यांनीं चौदाव्या शतकांत लॅटिनवरून इंग्रजी भाषांतर केलें होतें खरें. परंतु तें हस्तलिखितांच्या रूपांतच राहिलें, आणि 1409 सालीं धर्माधिकाऱ्यांनीं नियम करून बिशपाच्या परवानगीवांचून शास्त्राचें इंग्रजींत भाषांतर करणें व तें वाचणें या दोहोंस मनाई केली. त्यामुळें ज्यास लॅटिन येत नसे, त्याला स्वतःच्या धर्मग्रंथांत काय आहे हें दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकावें लागे.

ऑक्सफर्ड सोडल्यावर कांहीं काळानें टिंडेल आपल्या परगण्यांत परतले व लिटल सॉडबरी येथें सर जॉन वॉल्श या गृहस्थांच्या मुलांचे शिक्षक म्हणून राहिले. वॉल्श यांच्या पंगतीला आसपासचे धर्मोपदेशक व विद्वान पाहुणे येत आणि जेवतांना शास्त्रार्थाच्या गोष्टी निघत. तरुण शिक्षक पाहुण्यांस मूळ ग्रंथांतील आधार दाखवी आणि पाहुणे अस्वस्थ होत. एकदां एका पंडितानें वादाच्या भरांत पोपच्या नियमांची थोरवी देवाच्या नियमांहून अधिक ठरविली. तेव्हां टिंडेल यांनीं त्यास बजाविलें कीं, देवानें आयुष्य दिलें तर फार वर्षें लोटण्यापूर्वींच नांगर हांकणाऱ्या पोरालाही तुमच्यापेक्षां शास्त्र अधिक कळेल असें मी करीन. जेवणाच्या मेजावर निघालेलें हें वाक्य त्यांच्या जन्माचें व्रत होऊन बसलें.

1523 सालीं ते लंडनला गेले. तेथील बिशप कथबर्ट टन्स्टल हे विद्याप्रेमी म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्या आश्रयानें भाषांतर करावें अशी टिंडेल यांची इच्छा होती. परंतु बिशपांनीं घरांत जागा नाहीं असें सांगून त्यांस परत पाठविलें. हंफ्री मॉन्मथ नांवाच्या एका कापडाच्या व्यापाऱ्यानें त्यांस सुमारें सहा महिने आपल्या घरीं ठेवून घेतलें. बिशपाच्या वाड्यांतच काय, पण सबंध इंग्लंडांत या कामाला जागा नाहीं हें ओळखून 1524 सालीं टिंडेल समुद्र ओलांडून जर्मनींत गेले. मायभूमीचें दर्शन त्यांस पुन्हां कधींच घडलें नाहीं.

कोलोन शहरीं 1525 सालीं नव्या कराराची छपाई सुरू झाली. परंतु छापखान्यांतील कामगारांच्या तोंडून ही बातमी एका विरोधकाच्या कानीं गेली, आणि टिंडेल यांस छापलेले कागद घेऊन ऱ्हाईन नदीनें वर्म्स शहरीं पळावें लागलें. तेथें 1526 सालीं मूळ ग्रीकवरून केलेला इंग्रजी नवा करार पहिल्यानेंच संपूर्ण छापून निघाला. पुस्तक हातांत सहज मावेल अशा लहान आकाराचें होतें. व्यापाऱ्यांनीं कापडाच्या गठ्ठ्यांत लपवून तें इंग्लंडांत पोंचविलें. टन्स्टल यांनीं त्याच्या प्रती जमवून लंडनमध्यें जाहीरपणें जाळविल्या. पुढें याच बिशपांनीं एका व्यापाऱ्याच्या मार्फत परदेशांतील प्रतीही विकत घेऊन जाळल्या, आणि तोच पैसा टिंडेल यांच्या हातीं जाऊन सुधारलेल्या आवृत्तीच्या उपयोगीं पडला, अशी कथा जुन्या बखरकारानें लिहून ठेविली आहे. त्या पहिल्या आवृत्तीच्या हजारों प्रतींपैकीं आज अवघ्या तीन उपलब्ध आहेत.

या पुस्तकावर सर टॉमस मोर यांच्यासारख्या महापंडितानें कडाडून टीका केली. वाद होता तो मुख्यतः शब्दांचा. जेथें ‘चर्च’ हा शब्द अपेक्षित होता तेथें टिंडेल यांनीं मंडळी या अर्थाचा शब्द घातला. ‘प्रीस्ट’ शब्दाच्या जागीं वडील या अर्थाचा, ‘चॅरिटी’च्या जागीं साधा ‘लव्ह’ म्हणजे प्रीति, आणि ‘पेनन्स’ म्हणजे धर्मगुरूनें सांगितलेलें प्रायश्चित्त, याच्या जागीं पश्चात्ताप. शब्द बदलला म्हणजे अधिकारही बदलतो, हें दोघांसही पुरें ठाऊक होतें. आपण मूळ ग्रीक शब्दास जागलों, असें टिंडेल यांचें म्हणणें होतें. तरी पण आपल्या भाषांतरांत दोष असतील, ते अधिक जाणत्यांनीं दुरुस्त करावे, अशी विनंति त्यांनीं पुस्तकांतच केली होती, आणि 1534 सालीं स्वतःच आपलें काम पुन्हां तपासून सुधारलें.

आतां आमच्या शब्दाकडे वळूं. नवा करार ग्रीकमध्यें, पण जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेंत आहे. यहूदी लोकांस 1290 सालीं इंग्लंडांतून हद्दपार केलें होतें. त्यामुळें त्या देशांत हिब्रू शिकण्याची सोय नव्हती म्हटलें तरी चालेल. टिंडेल यांनीं परदेशांत राहून ती भाषा आत्मसात् केली, आणि त्यांस एक आश्चर्य वाटलें. हिब्रू भाषेची ठेवण लॅटिनपेक्षां इंग्रजीशीं अधिक जुळते, हिब्रू वाक्य बहुधा शब्दास शब्द ठेवून इंग्रजींत आणतां येतें, असें त्यांनीं 1528 सालच्या आपल्या एका पुस्तकांत प्रतिपादन केलें. ज्या भाषेस विद्वान ओबडधोबड म्हणत होते, तीच शास्त्रास अधिक शोभते, असा हा निर्णय होता. 1530 सालीं अँटवर्प येथें मोशेच्या पांच पुस्तकांचें त्यांचें भाषांतर छापलें गेलें. त्यांतील लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायांत ‘स्केपगोट’ हा शब्द इंग्रजी भाषेंत प्रथम अवतरला.

त्या अध्यायांत प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधि सांगितला आहे. मुख्य याजकानें लोकांकडून दोन बकरे घ्यावे व त्यांवर चिठ्ठ्या टाकाव्या. एक चिठ्ठी परमेश्वराची. ती ज्यावर पडेल त्याचा वध करून पापार्पण करावें. दुसरी चिठ्ठी ‘अझाझेल’ याची. ती ज्यावर पडेल तो बकरा जिवंत ठेवून, याजकानें त्याच्या मस्तकावर आपले दोन्ही हात ठेवावे, सर्व इस्राएल लोकांचे अपराध कबूल करून ते त्याच्या माथीं द्यावे, आणि एका माणसाच्या हातीं त्यास रानांत पाठवून सोडून द्यावें. लोकांचीं पापें घेऊन तो ओसाड प्रदेशीं निघून जाई.

आतां ‘अझाझेल’ म्हणजे काय? हिब्रूंत ‘एझ’ म्हणजे बकरा आणि ‘अझल’ म्हणजे निघून गेला. या दोहोंचा जोड होऊन हा शब्द झाला, असें टिंडेल यांनीं धरलें. प्राचीन ग्रीक व लॅटिन भाषांतरकारांनींही दूर पाठविलेला बकरा असाच अर्थ केला होता. परंतु टिंडेल यांनीं लॅटिन शब्दाची उसनवारी केली नाहीं. नांगर हांकणाऱ्या पोराच्या तोंडीं रोज असणारे दोन शब्द त्यांनीं उचलले, ‘स्केप’ आणि ‘गोट’, व ते एकमेकांस जोडले. गोठ्याचें दार उघडें राहून बकरा निसटला, तर खेड्यांतला मुलगा हेच दोन शब्द वापरता. यांतील ‘एस्केप’ शब्दाची कुळकथाही मौजेची आहे. मूळ लॅटिनमध्यें ‘एक्स’ म्हणजे बाहेर व ‘काप्पा’ म्हणजे झगा. पाठलाग करणाऱ्याच्या हातांत झगा राहूं देऊन आपण निसटून जावें, असा त्याचा मूळ भाव सांगतात.

याच रीतीनें टिंडेल यांनीं आणखीही जोडशब्द रूढ केले. वल्हांडण सणास त्यांनीं ‘पासोव्हर’ म्हटलें, म्हणजे ओलांडून जाणें. करार-कोशावरील झांकणास जर्मन भाषांतराच्या धर्तीवर ‘मर्सी सीट’ म्हटलें, म्हणजे दयेचें आसन. हे शब्द समजण्यास इंग्रज मुलाला कोश लागत नाहीं. जाणत्याचें ज्ञान नेणत्याच्या अंगणांत नेऊन ठेवणें, हीच टिंडेल यांची हातोटी होती.

इकडे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री यानें आपल्या पहिल्या राणीस सोडण्याचा घाट घातला होता. टिंडेल यांनीं 1530 सालच्या एका पुस्तकांत त्याही गोष्टीस विरोध केला, आणि धर्माधिकाऱ्यांबरोबर राजाचाही रोष ओढवून घेतला. 1531 सालीं राजाच्या मंत्र्यानें त्यांचें मन वळवून त्यांस परत आणण्यासाठीं एक दूत धाडला. टिंडेल यांनीं डोळ्यांत आसवें आणून त्यास सांगितलें कीं, राजानें प्रजेस शास्त्राचें साधें इंग्रजी भाषांतर वाचूं द्यावें, मग तें कोणाचेंही कां असेना. तसें झालें तर मी पुन्हां लेखणी धरणार नाहीं आणि राजाच्या पायांशीं येऊन वाटेल ती शिक्षा, मरणसुद्धां, सोशीन. या अटीस कोणी मान्यता दिली नाहीं.

अँटवर्प येथें टॉमस पॉइन्ट्झ या इंग्रज व्यापाऱ्याच्या घरीं ते निर्धास्त राहत होते. 1535 सालच्या मे महिन्यांत हेन्री फिलिप्स नांवाच्या एका तरुणानें मैत्रीचें सोंग घेऊन त्यांचा विश्वास संपादन केला. त्या दिवशीं त्यानें त्यांजकडून पैसेही उसने घेतले. जेवणास म्हणून दोघे बाहेर पडले. अरुंद बोळांतून जातांना फिलिप्सनें आदर दाखवून टिंडेल यांस पुढें घातलें, आणि दाराशीं बसविलेल्या शिपायांस मागून बोटानें खूण केली. शिपायांनीं पुढें सांगितलें कीं, धरलेल्या माणसाचा भोळेपणा पाहून आम्हांसच कींव आली.

ब्रसेल्सनजीकच्या व्हिल्व्होर्ड किल्ल्यांत ते सुमारें सोळा महिने कैदेंत होते. तेथून त्यांनीं अधिकाऱ्यास लॅटिनमध्यें लिहिलेलें एक पत्र आजही जपून ठेविलेलें आहे. हिवाळा जवळ आला होता. आपल्या जप्त केलेल्या सामानांतून एक उबदार टोपी, एक जाड अंगरखा व ठिगळें लावण्यास थोडें कापड मिळावें, संध्याकाळीं अंधारांत एकट्यानें बसणें कंटाळवाणें होतें म्हणून दिवा मिळावा, आणि सर्वांहून अधिक म्हणजे हिब्रू बायबल, हिब्रू व्याकरण व हिब्रू कोश मिळावा, एवढीच त्यांत विनवणी आहे. मरणाच्या दारीं बसलेला हा मनुष्य अजून विद्यार्थीच होता, हें पाहून कोणा शिक्षकाचें अंतःकरण भरून येणार नाहीं?

1536 सालच्या आगस्ट महिन्यांत त्यांस पाखंडी ठरविण्यांत आलें, आणि आक्टोबरच्या आरंभीं खांबास बांधून, प्रथम गळा आवळून, मग त्यांचा देह जाळण्यांत आला. इंग्लंडच्या राजाचे डोळे देवानें उघडावे, अशी त्यांची अखेरची प्रार्थना होती, असें पुढील चरित्रकार सांगतात. दरसाल 6 आक्टोबर हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ पाळतात. आणि नवल असें कीं, वर्ष पुरें होतें न होतें तोंच, 1537 सालीं, त्यांचे मित्र जॉन रॉजर्स यांनीं छापलेलें इंग्रजी बायबल विकण्यास त्याच राजानें परवानगी दिली. त्यांतील फार मोठा भाग टिंडेल यांचाच होता. नांव उघड घालण्याची सोय नव्हती. पण जुन्या कराराच्या शेवटीं त्यांच्या नांवाचीं दोन आद्याक्षरें ठळक व नक्षीदार छापलेलीं आहेत. 1611 सालच्या सुप्रसिद्ध इंग्रजी बायबलांतील नव्या करारापैकीं शेकडा 80 हून अधिक मजकूर टिंडेल यांच्याच शब्दांत आहे, असें 1998 सालीं दोन अभ्यासकांनीं मोजून दाखविलें.

‘स्केपगोट’ शब्दही 1611 च्या बायबलांत कायम राहिला. परंतु पुढें विद्वानांस शंका येऊं लागली. ‘अझाझेल’ हा बकरा नसून रानांतील एखाद्या भुताचें नांव असावें, किंवा एखाद्या उभ्या कड्याचें, असें अनेकांस वाटूं लागलें. अखेर 1885 सालच्या सुधारलेल्या इंग्रजी बायबलांतून ‘स्केपगोट’ शब्द काढून तेथें ‘अझाझेल’ हें विशेषनाम घालण्यांत आलें. म्हणजे ज्या ग्रंथासाठीं शब्द घडविला, त्यांतूनच तो हद्दपार झाला. पण तोंवर तो लोकांच्या बोलण्यांत गेला होता. दुसऱ्यांचे दोष ज्याच्या माथीं मारले जातात असा मनुष्य, हा त्याचा अर्थ मेरी मिटफर्ड या लेखिकेच्या 1824 सालच्या खेड्यांतील जीवनावरील पुस्तकांत आढळतो, आणि तोही खेड्यांतल्या पोरांस उद्देशून. टिंडेल यांनीं ज्याच्यासाठीं शब्द घडविला, त्या नांगऱ्या पोराच्याच घरीं तो असा येऊन राहिला. भाषांतर म्हणून तो कदाचित् चुकला असेल. शब्द म्हणून तो टिकला, कारण तो सर्वांस समजत होता.

आपल्या मराठींतही याच वाटेनें गेलेल्या एक थोर विदुषी होऊन गेल्या. पंडिता रमाबाई संस्कृतांत पारंगत होत्या. तरी खेड्यांतील साध्या बायांस समजावें म्हणून त्यांनीं हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठींत आणलें. तें काम हातावेगळें करून 1922 सालीं त्यांनीं देह ठेविला, आणि 1924 सालीं तें बायबल प्रसिद्ध झालें. जी भाषा आईच्या तोंडून आली, ती उंच विचारास अपुरी पडते असें म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांनीं या दोन नांवांचें स्मरण ठेवावें.

आतां मागच्या बांकावरील प्रश्नाचें उत्तर. बकरे दोन होते. आपली ‘बळीचा बकरा’ ही म्हण पहिल्या, मारल्या गेलेल्या बकऱ्याची आठवण करून देते. इंग्रजी शब्द दुसऱ्याचा, जिवंत सुटलेल्याचा आहे. वापरतांना मात्र दोन्हींचा अर्थ एकच झाला आहे, कारण निसटण्याची गोष्ट इंग्रज विसरले व माथीं दिलेल्या ओझ्याचीच आठवण उरली. आम्हीही दुसऱ्याच्या माथीं खापर फोडतों, तेव्हां त्याच जुन्या विधीची नक्कल करतों. फरक इतकाच कीं, त्या विधींत याजक आधीं सर्वांचे अपराध उघडपणें कबूल करीत असे, आणि तेवढा भाग आम्ही गाळतों. वर्गांतली कांच फुटते, क्रिकेटचा सामना हरतो, घरांत भांडें हरवतें. लागलीच सर्वांचीं बोटें एखाद्या गरीब, मुक्या किंवा नवख्या मुलाकडे वळतात. हा शब्द पुन्हां वाचनांत आला म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांनीं क्षणभर थांबून आपलें बोट कोणाकडे आहे तें पाहावें. कोणा निरपराध्याच्या माथ्यावरचा आपला हात त्यांनीं काढून घेतला, तर त्या दिवशींचा आमचा अर्धवट राहिलेला तास पुरा झाला असें आम्ही समजूं.